‘ग्रेपफ्रूट’ : एका फळाची व त्याच्या नावाची कुळकथा

प्रस्तावना

फळांची नावे बहुधा दोन प्रकारे पडतात. काही नावे फळ ज्या वाटेने आले त्या वाटेवरील गावाची वा देशाची खूण जपतात. काही फळाच्या रूपावरून, चवीवरून अथवा एखाद्या कथेवरून रूढ होतात. मोसंबे मोझांबिकची आठवण सांगते. संत्रे या शब्दाचा संबंध कोशकार पोर्तुगालमधील सिंत्रा या गावाशी जोडतात. अमेरिका खंडातून आलेल्या दोन फळांना आपण सीताफळ व रामफळ म्हणून थेट रामायणात नेऊन बसवले. या नावांनी कोणाचा घोटाळा होत नाही, कारण ती अन्य कोणत्याही फळाकडे बोट दाखवीत नाहीत. ‘ग्रेपफ्रूट’चे तसे नाही. या इंग्रजी नावात ‘ग्रेप’ म्हणजे द्राक्ष आहे. फळ मात्र लिंबूवर्गातील, पपनसाच्या जातकुळीचे, मोसंब्याहून मोठे, पिवळ्या सालीचे आणि कडसर आंबटगोड चवीचे आहे. द्राक्षवेलीशी त्याचे कोणतेही नाते नाही.

मग हे नाव का पडले? याचे एक उत्तर संदर्भग्रंथांत, पाठ्यपुस्तकांत आणि प्रश्नमंजूषांत सर्रास आढळते : ही फळे झाडावर द्राक्षांप्रमाणे घोसाने लागतात म्हणून. हे उत्तर निराधार आहे असे म्हणता येणार नाही. परंतु ज्याने हे नाव छापील ग्रंथात नोंदवले आणि त्याचे कारणही सांगितले, त्याने दिलेले कारण निराळे आहे. ते कारण कोणते, त्याला किती वजन द्यावे आणि या नावामुळे होणारा घोटाळा मराठी वाचकापर्यंत कसा पोहोचतो, हे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

बार्बाडोसमधील जन्म

लिंबूवर्गीय फळांचे मूळ घर आशिया. २०१८ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने हिमालयाच्या आग्नेय पायथ्याकडील प्रदेश, म्हणजे आसाम, उत्तर म्यानमार व पश्चिम युनान हा टापू, या वर्गाचे उगमस्थान मानला आहे. ग्रेपफ्रूट मात्र या टापूत जन्मलेले नाही. ते वेस्ट इंडीजमधील बार्बाडोस बेटावर, युरोपीय वसाहतींच्या काळात, कोणीही हेतुपूर्वक संकर न करता जन्मास आले. त्याचे आईबाप तेवढे आशियातून गेलेले होते. आई पपनस आणि बाप इंग्रजीत ज्याला ‘स्वीट ऑरेंज’ म्हणतात ते फळ. मराठी वाचकाने येथे नागपुरी संत्रे डोळ्यांसमोर आणू नये. जालन्याकडचे मोसंबे ज्या जातीत मोडते, ती ही जाती होय. हा बाप स्वतःही पपनस व मँडरिन संत्रे यांच्या संकरातूनच आलेला असल्यामुळे ग्रेपफ्रूटमध्ये पपनसाचा अंश दोन्हीकडून उतरला आहे.

ही दोन झाडे बेटांवर पोहोचली कशी? संत्र्या-लिंबांच्या बिया कोलंबसाच्या १४९३ च्या दुसऱ्या सफरीबरोबर कॅरिबियन प्रदेशात आल्या. पपनसाची कथा अधिक रंजक आहे. हान्स स्लोन या इंग्रज वैद्याने १७०७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे म्हटले आहे की, ईस्ट इंडियाकडून परतणाऱ्या एका जहाजाचा कप्तान शॅडॉक याने इंग्लंडला जाताना बार्बाडोस येथे थांबून या फळाचे बी तेथे ठेवले. त्यामुळे इंग्रजीत पपनसाला ‘शॅडॉक’ हे नाव मिळाले. या कप्तानाचा शोध पुढे अनेकांनी घेतला. कुमामोतो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली ‘इकॉनॉमिक बॉटनी’मध्ये लिहिलेल्या लेखात सतराव्या शतकाच्या मध्यास वेस्ट इंडीजच्या व्यापारात वावरणाऱ्या फिलिप चॅडॉक या नाविकाकडे बोट दाखविले आहे. तसे असेल तर फळासोबत कप्तानाचेही नाव वाटेत थोडे बदलले, असे म्हणावे लागेल.

या दोन झाडांच्या अपत्याचा उल्लेख म्हणून सामान्यतः ग्रिफिथ ह्यूज यांच्या १७५० सालच्या बार्बाडोसच्या निसर्गेतिहासाकडे पाहिले जाते. ह्यूज हे त्या बेटावरील सेंट लूसी परगण्याचे धर्मोपदेशक होते. त्यांनी ज्या फळाचे वर्णन केले त्याला ते ‘निषिद्ध फळ’ म्हणतात. ईडनच्या बागेतील आदमने खाल्लेल्या फळाची ही आठवण आहे. लिंबूवर्गाला अशी बायबलमधील नावे देण्याची रीत ह्यूज यांच्याही कितीतरी आधीची. तेराव्या शतकात जाक द व्हित्री या ख्रिस्ती लेखकाने पॅलेस्टाइनमधील एका लिंबूवर्गीय फळाला ‘आदमचे फळ’ म्हणत असल्याचे नोंदविले आहे; त्याच्या सालीवर दातांच्या खुणा दिसतात, असा त्यामागील समज. ह्यूज यांचा ग्रंथ प्रसिद्ध झाल्यानंतरच्या वर्षी, १७५१ मध्ये, एकोणीस वर्षांचा जॉर्ज वॉशिंग्टन आपल्या आजारी सावत्र भावासोबत बार्बाडोस येथे आला होता. तेथील एका मेजवानीतील फळांची जी यादी त्याने दैनंदिनीत लिहून ठेवली, तीतही ‘निषिद्ध फळ’ आहे.

ह्यूज यांचे ‘निषिद्ध फळ’ म्हणजेच आजचे ग्रेपफ्रूट काय, याविषयी मात्र अभ्यासकांत एकमत नाही. बोमन व ग्मिटर या दोघांनी १९९० साली सेंट लुसिया बेटावर त्या जुन्या नावाचे झाड पुन्हा सापडल्याचे जाहीर केले. म्हणजे एकाच आईबापांची किंवा निकटच्या नात्यातील एकाहून अधिक अपत्ये त्या बेटांवर नांदत असावीत आणि लोक त्यांना कधी एका, तर कधी निराळ्या नावाने ओळखत असावेत. पुढील विवेचनात हा मुद्दा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

नाव प्रथम कोणी नोंदवले

१८१४ साली जॉन लुनन यांचा ‘हॉर्टस जमैकेन्सिस’ हा जमैकातील वनस्पतींविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. शॅडॉकच्या वर्णनात ते सांगतात की, त्याचा एक प्रकार ‘ग्रेप-फ्रूट’ या नावाने ओळखला जातो, त्याचा स्वाद द्राक्षाशी मिळताजुळता असल्यामुळे हे नाव त्यास मिळाले आणि तो आकाराने शॅडॉकहून बराच लहान असतो. नाव व त्याचे कारण सांगणारा छापील पुरावा म्हणून कोशकार व वनस्पतीतज्ज्ञ ज्याकडे बोट दाखवितात, तो हाच. येथे कारण चवीचे आहे. नावाचा उलगडा करताना लुनन घोसाचा आधार घेत नाहीत.

घोस येतो तो दहा वर्षांनी, आणि तोही एका फ्रेंच लेखकाच्या लेखणीतून. द तुसाक या वनस्पतीशास्त्रज्ञाने अँटिलीस बेटांच्या वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात १८२४ साली असे लिहिले की, जमैकातील ईस्ट यांच्या वनस्पती-उद्यानात शॅडॉकचा एक प्रकार आपण पाहिला. त्याची फळे चांगल्या संत्र्याहून मोठी नसतात आणि ती घोसाने लागतात. यापुढील तपशील निर्णायक आहे. या फळाला जमैकातील इंग्रज काय म्हणतात तेही तुसाक सांगतात, आणि ती नावे आहेत ‘निषिद्ध फळ’ व ‘लहान शॅडॉक’. ‘ग्रेपफ्रूट’ नव्हे. म्हणजे ज्याने घोस पाहिला त्याने हे नाव दिले नाही, आणि ज्याने हे नाव दिले त्याने त्याचे कारण म्हणून घोस सांगितला नाही. आज आपण ज्याला सिद्ध उत्तर मानतो ते या दोन नोंदींची नंतरच्या काळात घातलेली सांगड असावी, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

घोसाचे स्पष्टीकरण इतके लोकप्रिय का झाले, हे समजण्यासारखे आहे. ते डोळ्यांना पटते. पपनस बहुधा एकेकटे लोंबते. ग्रेपफ्रूट एकमेकांस खेटून पाच-सहांच्या झुबक्याने लागलेले सहज दिसते. बागेत उभ्या असलेल्या माणसाला आणखी पुराव्याची गरज भासत नाही. याउलट चवीचे कारण जिभेला पटत नाही. ग्रेपफ्रूट खाऊन द्राक्षाची आठवण होणारा माणूस विरळा. त्यामुळे लुनन यांची चूक झाली असावी असे धरून अनेकांनी त्यांना बाजूस सारले.

परंतु येथे भाषेचा एक मुद्दा दुर्लक्षिला जातो. इंग्रजीतील ‘ग्रेप’ हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. फ्रेंचमध्ये ‘ग्राप’ म्हणजे घड. फळाला ‘रेझँ’ म्हणतात. (त्याच ‘रेझँ’चे इंग्रजीत ‘रेझिन’ झाले आणि अर्थ मनुका असा झाला, ही आणखी एक गंमत.) इंग्रजीत ‘ग्रेप’चा अर्थ फार पूर्वीच घडावरून फळावर सरकला होता. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी एखाद्या इंग्रजी बोलणाऱ्यास घोसावरून नाव द्यावयाचे असते, तर त्यास घड वा झुबका या अर्थाचे दुसरे शब्द उपलब्ध होते. आपणही घडाने लागणाऱ्या फळाला ‘घडफळ’ म्हणू, ‘द्राक्षफळ’ म्हणणार नाही. केळी घडानेच लागतात, म्हणून केळ्याला द्राक्षाची उपमा कोणी दिलेली नाही. एवढ्याने घोसाचा पक्ष खोडला जात नाही, पण तो वाटतो तितका स्वयंसिद्ध राहत नाही.

शिवाय जमैकात ‘ग्रेप’ म्हणजे नेमके काय, हाही प्रश्न विचारावयास हवा. द्राक्ष हे त्या उष्ण बेटांचे मूळचे फळ नव्हे. तेथील समुद्रकिनाऱ्यावर मात्र ‘सी ग्रेप’ या नावाचे एक झाड सर्वत्र आढळते. वनस्पतीशास्त्रात त्याचे नाव कोकोलोबा युव्हिफेरा. द्राक्षकुळाशी त्याचा संबंध नाही. त्याची जांभळी, आंबटगोड, किंचित तुरट फळे घडाने लागतात. लुनन यांनी ‘ओळखला जातो’ असे म्हटले आहे. नाव त्यांनी पाडलेले नाही, बेटावरच्या बोलण्यातून ऐकलेले आहे. १८१४ मध्ये त्या बेटावर बहुसंख्य लोक आफ्रिकेतून आणलेले गुलाम व त्यांचे वंशज होते. बागा त्यांनी राखल्या, फळे त्यांनी तोडली आणि बाजारात नेली. त्यांच्या रोजच्या अनुभवातले ‘ग्रेप’ फ्रान्समधील द्राक्ष असण्यापेक्षा किनाऱ्यावरचे हे फळ असण्याचा संभव अधिक. तसे मानल्यास चवीचे कारण हास्यास्पद ठरत नाही, आणि घडाची आठवणही त्यात आपोआप येते. हा तर्क आहे, दस्तऐवज नव्हे. तथापि इंग्रज मळेवाल्याच्या ग्रंथातील शब्द इंग्लंडच्याच जिभेने चाखून पाहिला पाहिजे असे नाही, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

एकंदरीत लिखित पुरावा चवीच्या बाजूचा आहे. ते नाव पुढे टिकून राहिले त्यास मात्र झाडावरचे घोस साहाय्यभूत झाले असावेत. नाव पडण्याचे कारण आणि नाव टिकण्याचे कारण एकच असावे लागत नाही.

शास्त्रीय नाव आणि संकराचा उलगडा

१८३० साली जेम्स मॅकफेडियन यांनी या फळाला ‘सिट्रस पॅराडिसी’ असे शास्त्रीय नाव दिले. ‘पॅराडिसी’ म्हणजे नंदनवनाचे. ह्यूज यांचे ‘निषिद्ध फळ’ लॅटिन वेषात येथे पुन्हा हजर झाले. लोकव्यवहारात बायबलमधील नाव मागे पडून द्राक्षाचे नाव राहिले आणि शास्त्रात नेमके उलट घडले.

पुढे शतकभराहून अधिक काळ ग्रेपफ्रूट हा पपनसाचाच आपोआप बदललेला प्रकार समजला जात होता. १९४८ च्या सुमारास तो संकर असावा असे मत पुढे आले, त्यानुसार नावात संकराचे चिन्ह घातले गेले आणि नंतरच्या जनुकीय अभ्यासांनी त्यास दुजोरा दिला. येथे एक शंका रास्त आहे. संकरित झाडाच्या बिया पेरल्या तर रोपे भिन्नभिन्न निघावयास हवीत. मग एका बेटावरचा हा अपघात एवढ्या देशांत जसाच्या तसा कसा पसरला? याचे उत्तर लिंबूवर्गातील अनेक जातींच्या एका गुणधर्मात आहे. त्यांच्या बीत परागीकरणातून होणाऱ्या गर्भाखेरीज मातृवृक्षाच्याच पेशींपासून बनलेले गर्भही असतात व रोपे बहुधा त्यांचीच वाढतात. विदर्भातील बागाईतदार जंभेरीच्या बियांपासून खुंट तयार करून त्यावर संत्र्याचा डोळा भरतात, तेव्हा खुंटाची रोपे एकसारखी निघतात ती याच कारणाने. पपनसात हा गुण नाही. ग्रेपफ्रूटला तो बापाकडून मिळाला. फ्लोरिडात हे फळ १८२३ च्या सुमारास बियांच्या रूपाने गेले असे परंपरेने सांगितले जाते, आणि तेथे व टेक्सासमध्ये निघालेले बिनबियांचे, गुलाबी व लाल गराचे बहुतेक जुने प्रकार त्या एकाच संकराच्या रोपांत किंवा फांद्यांत आपोआप झालेल्या बदलांतून आले. १९२९ साली टेक्सासमध्ये आढळलेली लाल गराची ‘रूबी’ ही अशीच एका फांदीवर सापडली.

महाळुंगापासून तोरोन्हापर्यंत

व्यापारी लागवड सुरू झाल्यावर अमेरिकेतील उद्यानतज्ज्ञांना ‘ग्रेपफ्रूट’ हे नाव अगदीच गैरलागू वाटू लागले. त्याऐवजी ‘पोमेलो’ हे नाव रूढ करण्याचा प्रयत्न त्यांनी केला. परंतु तेच नाव पपनसालाही लावले जात असल्याने गोंधळ वाढला आणि प्रयत्न सुटला. १९६२ मध्ये फ्लोरिडातील उत्पादकांच्या संघटनेने विक्री वाढावी म्हणून अधिक आकर्षक नाव सुचवून पाहिले, तेव्हा ग्राहकांनीच विरोध केला. नाव चुकीचे असले तरी आता ते त्यांचे होते.

त्या फसलेल्या सुधारणेची खूण अन्य भाषांत राहिली आहे. स्पेन व अर्जेंटिनात ‘पोमेलो’ म्हणजे ग्रेपफ्रूट. फ्रेंच माणूस ग्रेपफ्रूटला ‘पाम्प्लमूस’ म्हणतो, जे खरे पाहता पपनसाचे नाव. डच ‘पॉम्पेलमूस’, तमिळमधील ‘पंपळिमास’, तेलुगूतील ‘पंपरपनस’ आणि आपले ‘पपनस’ ही सारी एकाच गोतावळ्यातील नावे दिसतात; कोणी कोणाकडून घेतले याविषयी कोशकारांचा वाद आहे. तेलुगूत तर या नावाच्या शेपटीला फणस येऊन चिकटला आहे. बंगालीत पपनसाला ‘बाताबी लेबू’ म्हणतात. त्यात डचांची बटाव्हिया, म्हणजे आजची जकार्ता, आहे.

या सर्वांत मराठी वाचकास विशेष वाटावा असा शब्द मेक्सिकोतला आहे. तेथे ग्रेपफ्रूटला ‘तोरोन्हा’ म्हणतात. हा स्पॅनिश शब्द अरबी ‘तुरुंज’वरून, तो फारसी ‘तुरंज’वरून, आणि स्पॅनिश अकादमीच्या कोशानुसार त्याचे मूळ संस्कृत ‘मातुलुंग’ हे होय. मातुलुंग म्हणजे आपले महाळुंग. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हाती असलेले फळ. कोकणात पपनसाला ‘तोरंजन’ही म्हणतात, त्यात तो ‘तुरंज’ आजही ऐकू येतो. एकच शब्द घरी राहून महाळुंग झाला आणि इराण, अरबस्तान व स्पेन ओलांडून मेक्सिकोत बार्बाडोसच्या एका संकरावर जाऊन बसला. ग्रेपफ्रूटमधील कडू द्रव्याचे ‘नारिंजिन’ हे नावही संस्कृत ‘नारंग’ या शब्दाशी जोडले जाते.

मराठीत काय म्हणावे

हा सारा शब्दव्यवहार केवळ जिज्ञासेचा विषय राहिला असता, तर येथेच थांबता आले असते. परंतु १९८९ साली कॅनडातील डेव्हिड बेली व त्यांच्या सहकाऱ्यांना एक अनपेक्षित गोष्ट आढळली. फेलोडिपिन हे रक्तदाबावरील औषध व मद्य यांचा एकत्र परिणाम ते तपासत होते आणि मद्याची चव लपावी म्हणून ग्रेपफ्रूटचा रस वापरत होते. रक्तातील औषधाचे प्रमाण अपेक्षेपेक्षा पुष्कळच वाढलेले दिसले. १९९१ मध्ये ‘लॅन्सेट’मधील लेखाने रसाचा हा परिणाम निश्चित केला. या फळातील फ्युरानोकुमारिन गटाची द्रव्ये आतड्यातील एका विकराला निकामी करतात. ‘सीवायपी ३ए४’ या नावाने ओळखला जाणारा हा विकर एरवी अनेक औषधांचा काही भाग रक्तात पोहोचण्यापूर्वीच मोडून टाकतो. तो बंद पडला की ठरलेली मात्रा अधिक मात्रेसारखी वागू लागते. आणि शरीर नवा विकर तयार करीपर्यंत, म्हणजे दिवसभर किंवा त्याहून अधिक काळ, हा परिणाम राहतो. त्यामुळे रस सकाळी आणि गोळी रात्री घेऊन भागत नाही. कोलेस्टेरॉलवरील सिंव्हास्टॅटिन व अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन यांसारख्या, आपल्याकडे घरोघरी परिचित झालेल्या औषधांच्या बाबतीतही ही सूचना दिली जाते.

ही सूचना इंग्रजीत असते आणि ‘ग्रेप’ म्हणजे द्राक्ष एवढे इंग्रजी सर्वांस येते. प्रस्तुत लेखकाच्या नात्यातील एका वृद्ध गृहस्थांनी माहितीपत्रक वाचून द्राक्षे कायमची सोडली होती. पपनस मात्र ते निःशंकपणे खात. नावाचा अर्थ लावण्यात त्यांचे काहीच चुकले नव्हते. पपनसाच्या काही प्रकारांतही तीच फ्युरानोकुमारिन द्रव्ये असतात, कारण ग्रेपफ्रूटला ती मातृकुळाकडूनच आली आहेत.

म्हणूनच कोशकाराने वा अनुवादकाने ‘द्राक्षफळ’ असा शब्दशः प्रतिशब्द योजणे हे केवळ शैलीचे वैगुण्य ठरत नाही. काही द्विभाषिक कोश ‘चकोतरा’ किंवा ‘पपनस’ असा पर्याय देतात. तो वनस्पतीशास्त्रदृष्ट्या नेमका नसला तरी निदान रुग्णाला योग्य कुळाकडे नेतो. आमच्या मते मराठीत ‘ग्रेपफ्रूट’ हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखासोबत ‘पपनसाच्या जातीचे फळ, द्राक्ष नव्हे’ एवढी पाच शब्दांची जोड द्यावी. औषधांविषयीच्या सूचनेत पपनसाचे नाव स्वतंत्रपणे घालावे आणि मार्मलेडसाठी वापरल्या जाणाऱ्या कडू सेव्हिल संत्र्याचेही घालावे. साधे गोड संत्रे, मोसंबे आणि द्राक्षे यांना या विशिष्ट सूचनेमुळे वर्ज्य करण्याचे कारण नाही.